बाऊल मॅच सोडणं म्हणजे दगा का? गुडघ्याच्या बाजूने एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा अमेरिकेत शिकतोय, त्याच्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा सगळ्यात मोठा खेळाडू डिसेंबरची बाऊल मॅच खेळणार नाही म्हणून जाहीर करून मोकळा झाला, मुलगा तिकिटं काढून बसलाय आणि जाम चिडलाय. तर हा टीमशी दगा नाही का, आणि विमा असतो ना, मग एवढी भीती कसली?

मी मूळची सांगलीची. फिजिओथेरपी मुंबईत शिकले आणि गेली १९ वर्षं इथे अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये आहे, त्यातली ७ वर्षं एका कॉलेज फुटबॉल टीमच्या मेडिकल स्टाफबरोबर आणि नंतर क्लिनिकमध्ये, जिथे बहुतेक गुडघेच येतात. त्यामुळे माझं उत्तर गुडघ्याच्या बाजूने झुकलेलं असणार हे आधीच सांगते.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. हा अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट आणि पॅड घालून एकमेकांवर आदळायचा. कॉलेजचा रेग्युलर सीझन १२ मॅचचा, तो नोव्हेंबरअखेर संपतो, मग ज्या टीम्स साधारण ६ तरी मॅच जिंकतात त्यांना डिसेंबर-जानेवारीत एक बक्षिसासारखी मॅच मिळते, तीच बाऊल. यातल्या काही खूप जुन्या आहेत, पॅसाडीनाचा रोझ बाऊल पहिल्यांदा १९०२ साली झाला. पण देशाचा विजेता ठरवणाऱ्या थोड्या प्लेऑफच्या मॅच सोडल्या तर या बाऊलमधून पुढे कुठे जायचं नसतं, जिंकलात तर ट्रॉफी, हरलात तर घरी. आणि त्यानंतर चारेक महिन्यांनी, एप्रिलच्या शेवटी, एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट असतो, ज्यात ३२ टीम्स ७ राऊंडमध्ये पोरं निवडतात आणि कितव्या नंबरवर नाव आलं यावर पहिल्या कराराची रक्कम जवळपास ठरूनच जाते.

आता १ जानेवारी २०१६. अ‍ॅरिझोनात फिएस्टा बाऊल, नोत्र दाम विरुद्ध ओहायो स्टेट, दोन्ही युनिव्हर्सिटीच्या टीम्स. नोत्र दामचा लाईनबॅकर, म्हणजे समोरच्याला अडवून पाडणारा बचावातला खेळाडू, जेलन स्मिथ, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम लाईनबॅकर, ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचात जाणार असं सगळे धरून चालले होते. पहिल्याच क्वार्टरमध्ये खेळ संपता संपता समोरच्या टीमच्या एका धिप्पाड माणसाने त्याला ढकललं, तोल सांभाळायला त्याने डावा पाय टेकवला आणि गुडघा आतून उलटा वाकला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा), गेलं, बाहेरच्या बाजूचं लिगामेंट गेलं. इथपर्यंत लोकांना माहीत असतं. खरा घोटाळा त्याच्या पुढे आहे.

आत्ता बसल्या बसल्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला थोडं खाली चाचपून बघा, हाडाचा एक छोटा गोळा हाताला लागेल. त्या गोळ्याला वळसा घालून एक नस जाते, ती पाऊल आणि अंगठा वर उचलायचं काम करते. गुडघा बाहेरच्या बाजूने उघडला की ही नस दोरीसारखी ताणली जाते. हाड जुळतं, लिगामेंट नवीन बसवता येतं, पण ताणलेल्या नसेला डॉक्टर काही करू शकत नाही असे महिने असतात, ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, तेही वाढली तर. गुडघ्यापासून पावलापर्यंतचं अंतर मोजा म्हणजे किती महिने ते कळेल.

असा पेशंट माझ्या टेबलवर येतो तेव्हा मी पहिली गोष्ट एकच करते, पावलाखाली हात धरते आणि म्हणते, अंगठा वर उचल. एकदा एक २१ वर्षांचा पोरगा, सव्वाशे किलोचा, दंड माझ्या मांडीएवढे, तो माझ्याकडे बघत म्हणाला, उचलला की. त्याच्या डोक्यात त्याने उचलला होता. मी त्याला खाली बघायला सांगितलं. अंगठा जिथे होता तिथेच. त्या वेळी खोलीत जी शांतता असते ती मी इतक्या वर्षांत सवयीची करून घेऊ शकले नाही. असं पाऊल चालताना लोंबतं, चप्पल पायात राहत नाही, जिना चढल्यासारखा गुडघा उचलून सपाट फरशीवर चालावं लागतं. आणि हा ज्याचा धंदाच पळण्याचा आहे तो माणूस.

जेलन स्मिथ ३४ व्या नंबरवर, दुसऱ्या राऊंडमध्ये गेला, डॅलस काऊबॉयजकडे. तेही अशामुळे की त्याचं ऑपरेशन डॅलसच्याच टीम डॉक्टरने केलं होतं, त्यांना आतली परिस्थिती ठाऊक होती. २०१६ चा पूर्ण सीझन तो बसून होता, २०१७ मध्ये पावलाला ब्रेस लावून खेळला, पुढे नस हळूहळू परतली, २०१९ मध्ये तर तो प्रो बाऊलपर्यंत, म्हणजे एनएफएलच्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंपर्यंत, गेला. तुम्ही म्हणाल मग झालं की चांगलं. हो झालं, आणि मला त्या मुलाचा अभिमान वाटतो. पण पैशाचं बघा: त्या वर्षीच्या पाचव्या नंबरच्या खेळाडूचा ४ वर्षांचा करार साधारण २ कोटी ३० लाख डॉलरचा, तो सगळा गॅरंटीचा, आणि जेलनचा साधारण ६५ लाखांचा, त्यातही सगळी गॅरंटी नाही. एका ढकलण्याने दीड कोटी डॉलरच्या वर गेले. एनएफएलमधली सरासरी कारकीर्द तीनेक वर्षांची धरतात, म्हणजे बहुतेकांसाठी पहिला करार हाच शेवटचा करार.

आता विमा. हा प्रश्न मला दर डिसेंबरला कुणीतरी विचारतंच, आणि खूप लोकांना वाटतं की विमा आहे म्हणजे नुकसान भरून निघतं. तसं नसतं. दोन प्रकारच्या पॉलिसी असतात. एक कायमचं अपंगत्व, म्हणजे पुन्हा कधीच खेळू शकला नाही तर. आजकाल ऑपरेशन एवढी चांगली होतात की माणूस थोडाफार तरी खेळतोच, आणि थोडाफार खेळला की ही पॉलिसी हात वर करते. दुसरी, ड्राफ्टमध्ये किंमत घसरली तर देणारी, ही त्या पहिल्या पॉलिसीला जोडून घेतात. तिच्यात एक रेघ आखलेली असते, अमुक नंबरच्या खाली गेलास तरच पैसे. रेघेच्या वर पण आशेपेक्षा दहा नंबर खाली गेला तर शून्य. वर हे सिद्ध करायचं की घसरण या दुखापतीमुळेच झाली, फॉर्ममुळे नाही, जुन्या दुखण्यामुळे नाही. विम्याचा अर्ज भरताना शाळेतली एखादी मुरगळ लिहायची राहिली तर कंपनी तेच धरून बसते. यूएससी या कॅलिफोर्नियातल्या युनिव्हर्सिटीचा रिसीव्हर, म्हणजे लांबचा पास झेलणारा, मार्किस ली दुसऱ्या राऊंडमध्ये गेला, त्याचा क्लेम नाकारला आणि त्याला कोर्टात जावं लागलं. जेलन स्मिथला विम्याचे साधारण ९ लाख डॉलर मिळाल्याच्या बातम्या होत्या. दीड कोटींच्या खड्ड्यात ९ लाख.

मिळतच नाही असंही नाही. ओरेगनचा इफो एक्प्रे-ओलोमू, कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला रोखणारा, डिसेंबर २०१४ मध्ये रोझ बाऊलच्या आधी त्याचा गुडघा गेला, पहिल्या राऊंडच्या गप्पा चालू होत्या तो सातव्या राऊंडमध्ये २४१ व्या नंबरवर गेला. त्याला ३० लाख डॉलर मिळाल्याचं छापून आलं होतं. पण एनएफएलची एकही रेग्युलर सीझनची मॅच तो खेळू शकला नाही. आणि त्याला दुखापत झाली ती प्रॅक्टिसमध्ये, मॅचमध्ये नाही, हे लक्षात घ्या. लोक म्हणतात एकच तर मॅच आहे, तीन तास. तीन तास नसतात हो ते, त्याच्या आधी दोन-तीन आठवडे प्रॅक्टिस असते, आणि सीझन संपल्यावर शरीर थोडं सैल सोडलेलं, परीक्षा चालू, झोप नाही, अशा अवस्थेत पोरं पुन्हा एकमेकांवर आदळायला लागतात. मी टीमबरोबर होते तेव्हा मला डिसेंबरची प्रॅक्टिस सगळ्यात जास्त नकोशी वाटायची. आकडे देत नाही, माझा अनुभव सांगते.

आणि या खेळाडूच्या पदरात काय पडतं? बाऊलवाल्यांकडून एक भेट, तिची कमाल किंमत नियमाने ५५० डॉलर. एका हॉटेलच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली असतात, हेडफोन, घड्याळ, बॅग, पोरं रांगेने जाऊन निवडतात, खुश असतात, आणि खुश असावंच, मी स्वतः त्या रांगेशेजारी उभी राहिलेय. पण ती बॅग एका बाजूला आणि दीड कोटी डॉलरचा गुडघा दुसऱ्या बाजूला. त्याच मॅचचे टीव्हीचे पैसे कॉन्फरन्सला, म्हणजे युनिव्हर्सिटींच्या गटाला, बोनस कोचला, तिकिटाचे बाऊलवाल्यांना. सगळ्यांना काही ना काही मिळतंय आणि सगळ्यात मोठी जोखीम ज्याच्या पायात आहे त्याला हेडफोन. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळं याच्याभोवती फिरतं.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये एलएसयूचा (लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) लेनर्ड फोर्नेट आणि स्टॅनफर्डचा क्रिश्चन मॅकॅफ्री, दोघेही रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारे, बाऊल खेळले नाहीत. जेलनचा गुडघा जाऊन वर्ष पण झालं नव्हतं, सगळ्यांच्या डोळ्यासमोर होता. केवढी टीका झाली. त्यांच्याशिवाय दोन्ही टीम्स जिंकल्या, आणि एप्रिलमध्ये फोर्नेट ४ थ्या नंबरवर, मॅकॅफ्री ८ व्या नंबरवर गेला. खेळावर प्रेम नाही म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, मॅकॅफ्री २०२३ मध्ये एनएफएलचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला, रनिंगमध्ये सगळ्यांच्या पुढे, हे प्रेमाशिवाय होतं का. त्याच हिवाळ्यात, ३० डिसेंबरला, मिशिगनचा टाईट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) जेक बट ऑरेंज बाऊल खेळला, एसीएल गेलं, पाचव्या राऊंडपर्यंत घसरला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. जेलन स्मिथ आणि जेक बट, दोघांनीही नंतर उघडपणे सांगितलं की आम्हाला खेळल्याचा पश्चात्ताप नाही. मी हे हलक्यात घेत नाही. माझ्या टेबलवरची पोरंसुद्धा असंच म्हणतात, निम्मी तरी. चार वर्षं ज्यांच्याबरोबर पहाटे पाचला उठलो त्यांच्यासोबत शेवटचं मैदानावर उतरणं याची किंमत डॉलरमध्ये होत नाही. माझा मावसभाऊ कबड्डी खेळायचा, गावच्या जत्रेतल्या सामन्यात मातीवर त्याचा गुडघा फिरला, आज पंचेचाळिशीत तो मांडी घालून जेवायला बसू शकत नाही, आणि तरी त्या सामन्याबद्दल बोलताना चेहरा असा फुलतो की मी गप्प बसते. म्हणून खेळायला गेला तो मूर्ख असं मी कधीच म्हणणार नाही. निर्णय त्याचा. तसाच न खेळण्याचा निर्णय पण त्याचाच.

१ जानेवारी २०२२ ला टीव्हीवर एका मोठ्या समालोचकाने, कर्क हर्बस्ट्रीटने, म्हटलं की हल्लीच्या पोरांना फुटबॉलवर प्रेमच नाही. आणि त्याच दिवशी रात्री शुगर बाऊलमध्ये मिसिसिपी युनिव्हर्सिटीचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा, मॅट कोरल, जो टीमसाठी खेळायचं म्हणून खेळायला उतरला होता, घोटा दुखावून मैदानाबाहेर आला. पहिल्या-दुसऱ्या राऊंडची चर्चा असलेला तो तिसऱ्या राऊंडमध्ये ९४ व्या नंबरवर गेला. त्याच हिवाळ्यात पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीचा क्वार्टरबॅक केनी पिकेट बाऊल न खेळता २० व्या नंबरवर, त्या वर्षीचा पहिला क्वार्टरबॅक म्हणून गेला. त्याच्या जागी जो पोरगा खेळला त्याचं पहिल्याच क्वार्टरमध्ये गळ्याजवळचं हाड मोडलं. जोखीम नाहीशी होत नाही, दुसऱ्याच्या अंगावर जाते, हेही खरं.

निष्ठेबद्दल बोलायचं तर नोव्हेंबर २०२१ मध्ये नोत्र दामचे कोच ब्रायन केली एलएसयूला गेले आणि लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून यूएससीला, दोघांच्याही टीम्सची बाऊल मॅच बाकी होती. त्यांच्यावर टीका झाली, पण दोन आठवड्यात विरली. कोचने जास्त पगारासाठी टीम मध्येच सोडली तर ती करिअरची पायरी आणि २१ वर्षांच्या पोराने गुडघा सांभाळला तर दगा, हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही.

आणि प्रेमाचाच पुरावा हवा असेल तर ओहायो स्टेट बघा. १ जानेवारी २०२२ च्या रोझ बाऊलला त्यांचे दोन रिसीव्हर, क्रिस ओलाव्हे आणि गॅरेट विल्सन, खेळले नाहीत, ती मॅच प्लेऑफची नव्हती. प्लेऑफ २०२४ पासून १२ टीम्सचं झालं, त्याच वर्षी त्याच ओहायो स्टेटची पोरं, ज्यात इमेका इग्बुका आणि ट्रेव्हियन हेंडरसनसारखे ड्राफ्टमध्ये वरच्या नंबरवर जाणारे होते, प्लेऑफच्या चारही मॅच खेळली, सीझनच्या एकूण १६, आणि २० जानेवारी २०२५ ला विजेती झाली. तीच युनिव्हर्सिटी, तसलीच पोरं. काहीतरी जिंकायचं असेल तर ती शरीर झोकून देतात. आणि ओलाव्हे-विल्सन नव्हते त्या रोझ बाऊलला जॅक्सन स्मिथ-एनजिग्बाने पास झेलून ३४७ यार्ड काढले, कुठल्याही बाऊलमधला विक्रम, टीम ४८-४५ जिंकली. मोकळ्या झालेल्या जागेत एक पोरगा उभा राहिला.

पण नेहमी असं गोड होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ जिंकूनही प्लेऑफमधून वगळली गेली, चिडून, थकून, दुसऱ्या युनिव्हर्सिटीत बदली घेऊन दोन डझनांहून जास्त खेळाडू ऑरेंज बाऊलला नव्हते, आणि जॉर्जियाने त्यांना ६३-३ असं तुडवलं. जी पोरं उतरली त्यांच्यासाठी मला फार वाईट वाटलं. अशा वेळी चाहत्यांचा राग मी समजू शकते, तुमच्या मुलाचा पण. विमानाचं तिकीट, हॉटेल, सगळं काढून माणूस जातो. २०२५ मध्ये तर नोत्र दामने प्लेऑफ हुकल्यावर अख्खी टीमच बाऊलला पाठवली नाही.

तुमच्यापैकी काहींच्या मनात ईशान किशन आणि आपला मुंबईचा श्रेयस अय्यर असतील, फेब्रुवारी २०२४ मध्ये बोर्डाने त्यांचे वार्षिक करार काढले, त्याआधी ते रणजी खेळत नाहीत यावर गदारोळ झाला होता. तुलना अर्धीच लागू पडते, कारण तिथे बोर्ड पगार देत होतं. कॉलेजच्या पोराकडे २०१६ मध्ये स्कॉलरशिप होती आणि बाकी काही नाही. जुलै २०२१ पासून त्यांना जाहिरातींचे पैसे घेता येतात, आणि २०२५ च्या जुलैपासून युनिव्हर्सिटी थेट पैसे देऊ शकते, पहिल्या वर्षी एका युनिव्हर्सिटीला सगळे खेळ मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. म्हणून माझं मत आता थोडं बदललंय. पगार देताय ना, मग करारात बाऊल लिहा, त्याचे वेगळे पैसे लिहा, विमा युनिव्हर्सिटीने काढावा आणि रेघ पोराच्या बाजूने आखावी. कोलोरॅडोने डिसेंबर २०२४ मध्ये ट्रॅव्हिस हंटर आणि शडूर सँडर्ससाठी भक्कम विमा काढला, आणि दोघे अलामो बाऊल खेळले. असं केल्यावरही कुणी नाही म्हणाला तर मग तुम्ही त्याला जाब विचारा.

आता मी स्वतः पोरांना काय सांगते. बहुतेकांना सांगते, खेळ. हो. कारण हे सगळं गणित पहिल्या-दुसऱ्या राऊंडच्या मूठभर पोरांचं आहे. ज्याचं नाव सहाव्या राऊंडमध्ये येईल की येणारच नाही अशी स्थिती आहे, त्याने बाऊल सोडली तर तो उलट स्वतःची शेवटची संधी सोडतो, तिथे एनएफएलचे स्काऊट, म्हणजे खेळाडू हेरणारे, बसलेले असतात. एजंट म्हणणाऱ्या एखाद्या मित्राच्या नादाने चौथ्या-पाचव्या राऊंडची पोरं मोठ्यांची नक्कल करतात ते बघून मला काळजी वाटते. म्हणून आईबाप येतात तेव्हा मी तीन कागद मागते: ताजा एमआरआय, विम्याच्या पॉलिसीचं ते पान जिथे रेघ लिहिलेली आहे, आणि एनएफएलच्या सल्लागार समितीचं उत्तर. ही समिती कॉलेज संपायच्या आधी ड्राफ्टला निघणाऱ्या पोरांना साधं सांगते, पहिला राऊंड, दुसरा राऊंड, नाहीतर कॉलेजातच रहा. तिसरं उत्तर आलं असेल तर सोडायचं काही कारणच उरत नाही. एमआरआयमध्ये जुनं काही दिसत असेल तर मग मी जास्त स्पष्ट बोलते, कारण ड्राफ्टआधीच्या चाचणीत, फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला, ३२ टीम्सचे डॉक्टर तोच गुडघा वाकवून बघणार असतात आणि १ जानेवारीला गेलेलं एसीएल तोवर काय, पुढच्या ऑक्टोबरपर्यंत पण खात्रीने तयार होत नाही.

आणि सोडायचीच असेल तर कशी सोडायची, यावर मी फार कडक आहे. प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आधी सांगायचं, कोचला समोर बसून सांगायचं, मग लाईनमधल्या पोरांना, आणि फोनवर टाकायचं सगळ्यात शेवटी. मॅचच्या दोन दिवस आधी पोस्ट टाकून गायब झालेला एक पोरगा मी पाहिलाय, त्याचे मित्र त्याच्या लॉकरकडे बघत होते ते मला अजून दिसतं. आणि दुसरा एक पाहिलाय, ज्याने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मग तीनही आठवडे रोज प्रॅक्टिसला आला, पॅड हातात धरून आपल्या जागी खेळणाऱ्या १९ वर्षांच्या पोराला पाय कुठे ठेवायचा ते दाखवत होता. मॅचच्या दिवशी तो हुडी घालून साईडलाईनवर होता, पाण्याच्या बाटल्या देत, आणि त्या पोराने पहिला टॅकल केला तेव्हा सगळ्यात आधी तोच ओरडला.

तुमच्या मुलाला सांगा, तिकीट विकू नकोस, जा. आणि त्या खेळाडूला साईडलाईनवर शोध, तो तिथे आहे का ते बघ.